इंजिन बदललं म्हणून १ लाख १५ हजार मोजले

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमची २०१५ ची डिझेल स्विफ्ट डागा लेआउटमध्ये फाटकाशी उभी होती. पाणी सीटपर्यंत चढलं. दुपारी ते उतरलं आणि मी चावी फिरवली. पहिला गाढवपणा हाच. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला खालून ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. 'खट्ट' आवाज आला, गाडी जाम. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नव्हतं, त्यामुळे सर्व्हेअरने सीट-वायरिंग मान्य केलं आणि इंजिनावर काट मारली.

वाडीचा आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, पंधरा दिवस तरी हात लागणार नाही. मला दम निघेना. कामठी रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने त्याच दिवशी गाडी टोचन करून नेली. आधी म्हणाला, इंजिन बांधू, ७० हजार. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला: तेलकट ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, त्यात केसाएवढी चीर. "साहेब, ब्लॉकच गेला. आता बांधण्यात अर्थ नाही. कमी चाललेलं इंजिन पाहून ठेवलं आहे, १ लाख ३० हजार. जुन्याचे १५ कापून देतो."

मला ते पटलं, कारण फियाटचं हे १२४८ सीसी इंजिन डिझायर, अर्टिगा, पुंटो, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं, सेकंडहँड सहज मिळतं. फोटो इतका जवळून काढलेला की चिरेशिवाय काहीच दिसत नव्हतं; ब्लॉक माझाच कशावरून, हे विचारायचं सुचलं नाही. गॅरेजवर जाऊन डोळ्यांनी पाहिलंही नाही.

मग तो म्हणाला, "आरटीओची भानगड नको ना? आरसीवरचाच नंबर ठोकून देतो." इंजिन बदललं की नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो, आणि असा नंबर ठोकणं हा सरळ गुन्हा आहे. मला हे माहीत होतं. तरी हो म्हटलं. या लिखाणात सगळ्यात लाज वाटते ती या वाक्याची.

गाडी आली. ब्लॉकवर चंदेरी रंगाचा ताजा हात. मोबाईलचा टॉर्च मारून नंबर पाहिला तर एकेक आकडा कंपनीसारखा. काय हुबेहूब ठोकलाय, म्हणून मी बायकोलाही दाखवला! बिल कच्चं. निम्मे पैसे रोख दिले, उरलेले यूपीआयने, तेही त्याच्या भाच्याच्या खात्यावर.

मे २०२४ मध्ये गिअरबॉक्सच्या बाजूने तेल गळायला लागलं, म्हणून गाडी वाडीला नेली. मागचं ऑइल सील गेलं होतं. गिअरबॉक्स उतरवून मेकॅनिक वाकला आणि तसाच थांबला. कपड्याने ब्लॉकचा कोपरा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काका, इंजिन बदललं म्हणता ना?"

"हो."

"मंग हा बोल्ट इथं काहून आहे?"

२०२१ मध्ये क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्सचा एक बोल्ट त्याच्याच हातून ब्लॉकमध्ये तुटला होता. काढायला ड्रिल मारलं ते तिरपं गेलं, शेवटी तुकडा आतच सोडून दिला. तो तुकडा, ते तिरपं भोक, सगळं जागच्या जागी होतं. त्याने इंजिनाखालची तेलाची टाकीही (ऑइल संप) उघडली. चारपैकी दोन रॉड नवे, दोन जुने. म्हणजे ७० हजारांचं कामसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. इंजिन माझंच, चीर दुसऱ्या कुणाच्या ब्लॉकची, आणि नंबर कंपनीचाच.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडल्यावर चारही पिस्टन आळीपाळीने वर आणून उंची मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याचा रॉड वाकला, तो पिस्टन खाली राहतो. बोअर (पिस्टन फिरतो ती नळी), क्रँक (रॉड ज्याला फिरवतात तो दांडा) आणि ब्लॉक ठीक असतील तर रॉड, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट बदलून इंजिन बांधता येतं. ब्लॉक खरंच फुटला असेल तरच दुसरं. हे मोजमाप उभं राहून पाहा, गाडी द्यायच्या आधी इंजिन नंबरचा फोटो काढा, वाकलेले रॉड घरी मागा. दुसरं इंजिन घ्यायचंच असेल तर ते कुठल्या गाडीचं, तिचे कागद आणि पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि 'एक्सचेंज'च्या १५ हजारांना भुलू नका. जुनं इंजिन डोळ्यांआड करायचे ते पैसे असतात.

गॅरेजवर गेलो. पोलिसांत जाईन, ग्राहक आयोगात जाईन म्हटलं. त्याने चहा मागवला.

"जा ना साहेब. काय सांगान तिथं? नंबर तोच पाह्यजे, हे तुम्हीच म्हटलं होतं ना? मंग तोच तर आहे."