गोटेक फ्लॉपी एम्युलेटर : घ्या, पण आधी केबल आणि जंपर समजून घ्या

जुन्या ४८६ पीसीमध्ये फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी हा बसवलाय, पेनड्राइव्हवरच्या इमेज (अख्ख्या फ्लॉपीची नक्कल असलेल्या फाईली) तो कॉम्प्युटरला फ्लॉपी म्हणून दाखवतो. माप तेच ३.५ इंची, मागे तीच ३४ पिनची केबल, फक्त पुढे फ्लॉपीच्या खाचेऐवजी पेनड्राइव्हचं पोर्ट, दोन बटणं आणि तीन आकडी डिस्प्ले. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) ड्राइव्ह १.४४ एमबीचाच ठेवायचा, कॉम्प्युटरला पत्ताच लागत नाही आत फ्लॉपी नाहीये ते.

"चालतच नाही" म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी आधी लाईट बघावी. चालू केल्यापासून एकसारखी पेटलेलीच राहिली की केबल उलटी लागलीय समजा. पॉवरचा बारका कनेक्टर मात्र उलटा दाबून बसवू नका, ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की खेळ खल्लास. मग जंपर (पिनांवर बसवायची बारकी टोपी), पीसीच्या पीळ असलेल्या केबलला एस१ आणि अमिगासारख्या जुन्या होम कॉम्प्युटरच्या सरळ केबलला एस०, एवढं साधं आहे पण सोबतच्या कागदावर ते नीट लिहिलेलं नसतं.

खरी डोकेदुखी पिन ३४ ची. पीसीला तिथे 'डिस्क बदलली' हा सिग्नल लागतो, अमिगाला त्याच पिनवर 'रेडी' हवा असतो. पीसीला तो सिग्नल मिळाला नाही तर तुम्ही इमेज बदलून डिर (फाईलींची यादी दाखवणारी डॉसची कमांड) मारलं तरी यादी आधीच्याच फ्लॉपीची येते, आणि अशात काही सेव्ह केलंत तर जुन्या डिस्कचा फॅट (कुठली फाईल कुठे आहे त्याची नोंद) नव्या डिस्कवर लिहिला जातो, म्हणजे तीही गेली. खऱ्या ड्राइव्हलाही हाच रोग होतो बरं का, याचाच दोष नाही.

कंपनीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अगदीच बेताचं, फक्त १.४४ च्या इमेज, त्यामुळे मूळ फ्लॉपी कंट्रोलर असलेल्या एक्सटीला (४८६ च्याही आधीच्या पीसीला) निरुपयोगी, त्याला ३६० नाहीतर ७२० केबीच लागतात. त्याजागी फ्लॅशफ्लॉपी हे दुसरं फर्मवेअर टाका, फुकट आहे, साध्या फॅट३२ पेनड्राइव्हवर इमेज कॉपी केल्या की झालं, फक्त कॉन्फिग फाईलमध्ये इंटरफेस आयबीएम पीसी करायला विसरू नका.

जुन्या फ्लॉप्यांमधला डेटा काढायचा असेल तर हा कामाचा नाही, त्याला खरा ड्राइव्हच हवा. दोन्ही एकाच केबलवर ए आणि बी म्हणून मस्त नांदतात, जंपर दोघांचेही एस१ वरच.