क्रोनी ४ : एनटीपीडी काढून हेच बसवा

सर्व्हरची वेळ जुळवणारा प्रोग्रॅम एकदा बसवला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. म्हणून काहीही सेटिंग न करता तो बाहेरच्या जगाला किती बंद असतो, हे आम्ही अचूकतेच्याही आधी बघतो. या कसोटीवर क्रोनी हा प्रोग्रॅम त्याच कामाच्या जुन्या एनटीपीडीच्या खूप पुढे आहे. दोघेही एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, चालतात.

एनटीपीडीचं जुनं दुखणं म्हणजे सीव्हीई-२०१३-५२११ (सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक). ४.२.७पी२६ च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘मॉनलिस्ट’ ही देखरेखीची कमांड कुणालाही उत्तर द्यायची: नुकत्याच संपर्कात आलेल्या जास्तीत जास्त ६०० यंत्रांचे पत्ते. एनटीपीची पॅकेट ज्या यूडीपी पद्धतीने जातात, तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोर तिथे सावजाचा पत्ता घालायचा आणि उत्तरांचा लोंढा सावजावर जायचा. यूएस-सर्ट या अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने विचारणेच्या तुलनेत उत्तराची ही वाढ ५५६.९ पट नोंदवली आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेबसाइटना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका ग्राहकावर सेकंदाला जवळजवळ ४०० गिगाबिटचा मारा झाला. त्याला ४,५२९ सर्व्हर पुरले. डिसेंबरात सीव्हीई-२०१४-९२९५ आली. मुद्दाम रचलेल्या पॅकेटने बफर ओलांडून कोड चालवण्याची वाट त्यात होती, ती ४.२.८ मध्ये बुजवली गेली. कुठे जुना एनटीपीडी ठेवावाच लागत असेल, तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रिस्ट्रिक्ट डीफॉल्ट’च्या ओळीत ‘नोक्वेरी’ हवंच, म्हणजे मॉनलिस्टसारख्या चौकशांना उत्तर जात नाही.

क्रोनीच्या सेटिंगमध्ये ‘अलाउ’ (इतर यंत्रांना वेळ द्यायची परवानगी) लिहिल्याशिवाय एनटीपीचा १२३ नंबरचा पोर्ट उघडतच नाही. कमांडचा ३२३ पोर्ट फक्त त्याच यंत्रापुरता, आणि मॉनलिस्टसारखं काही मुळात नाही. त्याच्या स्वतःच्या कमांड प्रोटोकॉलमध्येही उत्तर फुगण्याचा दोष होता, सीव्हीई-२०१४-००२१; तो १.२९.१ मध्ये गेला. २०१७ मध्ये क्युअर५३ या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने केलेल्या तपासणीत क्रोनीत किरकोळ गंभीरतेच्या दोनच गोष्टी सापडल्या. या वर्गातल्या सॉफ्टवेअरसाठी हा निकाल फार चांगला आहे.

४.० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, क्रोनीत एनटीएस, म्हणजे एनटीपीचं सुरक्षित रूप, आहे. सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी ‘एनटीएस’ जोडलं की वेळेचं उत्तर खरंच त्याच सर्व्हरचं आहे का, हे पडताळलं जातं. अडचणी मात्र इथेच येतात. क्रोनीची स्थिती दाखवणाऱ्या ‘क्रोनीसी’ प्रोग्रॅमची ‘ऑथडेटा’ कमांड चालवा. तिथे ‘केलेन’ (किल्लीची लांबी) शून्य असेल तर किल्ल्यांची देवाणघेवाणच झालेली नाही: बाहेर जाणारा टीसीपी ४४६० फायरवॉलने अडवला असेल, किंवा यंत्राचं घड्याळ इतकं चुकलं असेल की सर्टिफिकेट मुदतीबाहेरचं वाटतंय. बॅटरी नसलेल्या छोट्या बोर्डांवर हे हमखास होतं. तिथे ‘नोसर्टटाइमचेक १’ लिहा. पहिल्यांदा वेळ लागेपर्यंत तारखेची तपासणी सोडली जाते. तेवढ्यापुरती सुरक्षा कमी होते, म्हणून इतर यंत्रांवर हे घालू नका.

‘केलेन’ २५६ आणि तरी ‘सोर्सेस’ कमांडमध्ये ‘रीच’ (अलीकडे उत्तरं आली का, याची नोंद) शून्य? मग वाटेत कुठेतरी ४८ बाइटहून मोठी एनटीपी पॅकेट टाकून दिली जात असण्याची शक्यता मोठी. मॉनलिस्टच्या हल्ल्यांनंतर काही नेटवर्कांनी तशी गाळणी बसवली आणि एनटीएसची पॅकेट मोठीच असतात. एनटीपीडीच्या दोषाची किंमत अशी क्रोनीवाल्यांनाही मोजावी लागते. दुसऱ्या नेटवर्कवरून तपासून बघा. नाहीतर सेवादात्याकडे पाठपुरावा करणं आलंच.

उणिवा आहेत. जीपीएस रिसीव्हरचा डेटा क्रोनी स्वतः वाचत नाही, त्यासाठी जीपीएसडी हा वेगळा प्रोग्रॅम दोघांच्या मधे बसवावा लागतो. ब्रॉडकास्टवरून, म्हणजे सगळ्या जाळ्याला एकदम पाठवलेल्या संदेशांवरून, वेळ घेणंही जमत नाही. ज्यांचं जाळं त्यावर उभं आहे, त्यांनी घाई करू नये.

भारतातल्या कंपन्यांसाठी एक गोष्ट: सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहे. प्रत्येक यंत्र थेट बाहेर सोडण्यापेक्षा आत दोन-तीन क्रोनी सर्व्हर ठेवा आणि ‘अलाउ’मध्ये फक्त आपली सबनेट, म्हणजे आपल्या जाळ्याचे पत्ते, लिहा. नुसतं ‘अलाउ’ लिहिलंत तर दार सगळ्यांनाच उघडं होतं. बदल करताना एनटीपीडी आणि सिस्टमडी-टाइमसिंकडी (लिनक्सचा वेळ जुळवणारा आणखी एक प्रोग्रॅम) आधी बंद करा. दोन प्रोग्रॅम एकाच घड्याळाला ओढू लागले तर ‘क्रोनीसी’च्या ‘ट्रॅकिंग’ कमांडमधले आकडे कधीच स्थिरावत नाहीत.