डॅनइलेक्ट्रो 59 – दोन वर्षं रोज वाजवल्यावर

आमच्याकडे कपाटाचं काम करायला आलेल्या सुतारकाकांनी माझी गिटार हातात घेतली, उलटी केली, बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "दादा, हा तर हार्डबोर्ड आहे, आम्ही कपाटाच्या पाठीला मारतो तो." आणि ते शंभर टक्के बरोबर होते. डॅनइलेक्ट्रो 59 म्हणजे आत लाकडाची चौकट, तिच्यावर पुढून आणि मागून मेसोनाईटचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या हार्डबोर्डचा पत्रा, कडेने जोड झाकायला टेपची पट्टी, आणि मधे बरीचशी पोकळी. बस. महोगनी नाही, मेपलचा टॉप नाही. आणि तरी ही गिटार आल्यापासून माझी आधीची स्ट्रॅट टाईपची, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी गिटार केसमधून बाहेर आलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि मराठीत या ब्रँडबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

मला ही मिळाली इथे बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून. मुलगा कॅनडाला गेला, गिटार घरी राहिली, काकूंना माळ्यावर जागा पाहिजे होती. 34 हजार ठरले. काका स्वतःच म्हणत होते, अरे नाव कुणाला माहीत नाही या कंपनीचं, परत विकायला जाशील तर कोण घेणार. मी म्हटलं काका, विकायला नाही घेत आहे. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, त्यांच्याकडे नव्हता, मग दिवाणखान्यात बसून तशीच कोरडी वाजवून बघितली, आणि पोकळ असल्यामुळे ॲम्पशिवायसुद्धा ती एवढी बोलते की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. तिथेच ठरलं माझं.

आता कंपनीबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय हा टोन असा का हे कळत नाही. नेथन डॅनियल नावाच्या माणसाने 1947 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत ही कंपनी काढली, सुरुवात ॲम्पपासून, गिटार 1954 पासून. मोठा धंदा सिअर्सचा, म्हणजे कॅटलॉग बघून पोस्टाने माल मागवायचा त्या कंपनीचा, आणि तिथे याच गिटारी सिल्व्हरटोन या नावाने विकल्या जायच्या. 1962 ला तर त्यांनी अशी गिटार काढली की तिच्या केसमध्येच ॲम्प बसवलेला, केस उभी करा, वायर लावा, वाजवा. विचार करा, एखाद्या लहान गावातल्या पोराला पोस्टाने अख्खा रॉक अँड रोल घरी येतोय. डॅनियलचं डोकं सगळं याच्यातच होतं की ज्याला फेंडर-गिब्सन परवडत नाही त्याच्या हातात चांगली वाजणारी गिटार कशी द्यायची, आणि म्हणून हार्डबोर्ड, म्हणून साधा ब्रिज (तारा ज्याच्यावर टेकतात ती घोडी), आणि म्हणून ते जगप्रसिद्ध लिपस्टिक पिकअप (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलून ॲम्पकडे पाठवणारा भाग). लिपस्टिक हे नुसतं टोपणनाव नाही हां, त्यांनी खरोखर लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या आणल्या आणि त्यात मॅग्नेट आणि कॉईल बसवली. 1966 ला कंपनी एमसीए या मोठ्या करमणूक कंपनीला विकली, 1969 ला बंद पडली, आणि मग थेट 1990 च्या दशकात दुसऱ्या मालकांनी नाव परत उभं केलं. माझी या नव्या काळातलीच आहे.

तर पिकअप. कॉईल सरळ मॅग्नेटच्या पट्टीवर गुंडाळलेली, आणि वेढे तसे कमी, त्यामुळे आऊटपुट कमी पण वरचे सूर एकदम स्वच्छ येतात. मोठा कॉर्ड वाजवला तरी सहाच्या सहा तारा सुट्या ऐकू येतात, कुणी कुणावर चढत नाही. आवाज शब्दात सांगायचा तर, कोऱ्या मडक्याला टिचकी मारल्यावर जो कोरडा पोकळ पण गोड नाद येतो ना, त्याला तार लावली तर तसा. थोडा नाकातला. नेक पिकअपवर, म्हणजे दांड्याकडच्या, टोनची चावी अर्धी खाली केली की जाड आणि मऊ, ब्रिजजवळच्या पिकअपवर काचेसारखा कडक.

पण खरी गंमत स्विचच्या मधल्या पोझिशनला आहे, जिथे दोन्ही पिकअप एकदम चालतात, आणि यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. बाकीच्या बहुतेक गिटारींमध्ये दोन्ही पिकअप चालू केले की ते पॅरेललमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे आवाज अजून बारीक आणि चमकदार होतो. इथे डॅनइलेक्ट्रोने सिरीजमध्ये जोडलेत. एकाचं टोक दुसऱ्याला, म्हणजे दोन्हींचा जोर बेरीज होतो, आवाज एकदम भरतो, मधला भाग पुढे येतो, व्हॉल्यूम चढतो, पण लिपस्टिकचा स्वच्छपणा जात नाही. माझा सेटअप साधा आहे, 15 वॉटचा छोटा ॲम्प, थोडा रिव्हर्ब (घुमारा), थोडा ट्रेमोलो (आवाजाची लाट), आणि मध्ये स्विच टाकला की हात आपोआप हळू होतो कारण प्रत्येक नोट शेवटपर्यंत ऐकावीशी वाटते. ओव्हरड्राईव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावला तर कडा फाटते पण कॉर्ड चिखल होत नाही. लेड झेपलिनच्या जिमी पेजने डीएडीजीएडी ट्यूनिंगसाठी (सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायच्या) स्टेजवर डॅनइलेक्ट्रोच का धरली हे मला या गिटारवर ते ट्यूनिंग लावल्यावर पहिल्या पाच मिनिटात कळलं. मोकळ्या तारा घुमत राहतात आणि वर बोट फिरवायचं, तंबोरा छेडत ठेवा आणि गा, तसंच.

तंबोऱ्यावरून आजी. माझी आजी सूरसागरजवळच्या गायनशाळेत शिकलेली, म्हणजे गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेली तीच, आता बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत आहे ती, आणि घरात तिचा मिरजेचा तंबोरा अजून रोज निघतो. इलेक्ट्रिक गिटार तिला कधी आवडली नाही, दार लावून घ्यायची. एका संध्याकाळी मी मधल्या पोझिशनवर डीएडीजीएडीमध्ये नुसतं छेडत बसलो होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याची जवारी बंद आहे रे, पण सूर खरा आहे. जरा उघडता नाही येणार?" जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून येणारी ती झणझण. मी उडालोच. कारण आजीला माहीत असायचं काही कारणच नाही, पण याच डॅनइलेक्ट्रो कंपनीने 1967 मध्ये नेमकं तेच केलं होतं! न्यूयॉर्कचा सेशन गिटारिस्ट विन्सेंट बेल याच्या डिझाईनवर त्यांनी कोरल नावाने इलेक्ट्रिक सितार काढली, सपाट ब्रिज, ज्याच्यावर तार घासून सितारीसारखी झणझणते, आणि वर 13 तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा वेगळ्या. म्हणजे जवारीच की! तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून मिरजेचे कारागीर जे कानाने शोधतात ते तिकडे न्यू जर्सीत गिटारवर करायला बघत होते. खरी सितार ती नाहीच, आजीला ऐकवलं तर म्हणाली आस (मागे रेंगाळणारा सूर) नाही याच्यात, आणि बरोबर आहे, पण मला आवडतं की हार्डबोर्डच्या कंपनीच्या डोक्यात हे आलं. त्या दिवसापासून दार लागत नाही एवढं मात्र झालंय.

आता स्टेजचं. गेल्या गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवली आणि मग नवरात्रात गरब्याच्या ग्रुपबरोबर, रोज तीन-साडेतीन तास उभं राहून. इथे तिचं हलकेपण कळतं, खांद्याला काहीच वाटत नाही, नवव्या रात्रीसुद्धा. ढोल, कीबोर्ड, दोन गायक, एवढ्या गर्दीत गिटार नेहमी हरवते, पण हिचा तो नाकातला आवाज सगळ्यांच्या मधून बरोबर वर येतो, साऊंडवाल्या भाईने स्वतः येऊन विचारलं हे कुठलं गिटार. भुणभुण मात्र आहे, सिंगल कॉईल, म्हणजे एकाच कॉईलचा पिकअप, म्हटलं की ती आलीच, कुठल्याही कंपनीची घ्या, आणि आपल्याकडे मांडवात सिरीजच्या लाईट, डिमर, जनरेटर सगळं एकत्र, त्यामुळे जास्तच. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि खालचा जी हा सूर 49 हर्ट्झचा, म्हणून भारतातली भुणभुण जवळपास जी मध्ये असते, आणि जी मधलं गाणं चालू असताना ती कुणाला कळत नाही, गाणं संपल्यावर कळते. मी दोन गाण्यांच्या मधे व्हॉल्यूम शून्य करतो आणि ॲम्पकडे तोंड न करता थोडा तिरका उभा राहतो, तेवढ्याने बरीच कमी होते. गेन खूप वाढवलात तर पोकळ बॉडी शिट्टी मारायला लागते, म्हणून मेटल वाजवणाऱ्यांनी ही घेऊ नये, खरंच नका घेऊ, तुम्हाला हंबकरवाली (दोन कॉईलचा, भुणभुण मारणारा पिकअप) भरीव गिटारच पाहिजे.

ब्रिजबद्दल नीट ऐका. जुन्या डिझाईनप्रमाणे माझ्या गिटारवर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात तो भाग, शिसमाची एकच पट्टी आहे, प्रत्येक तारेला वेगळी नाही, म्हणजे इंटोनेशन, म्हणजे दांड्यावर कुठेही दाबलं तरी तार सुरात राहणं, तार-तार करून लावता येत नाही. मी सेटअपसाठी एका दुकानात दिली होती तर त्यांनी न विचारता 9 च्या बारीक तारा चढवल्या आणि वर सांगितलं की लाकूड काढून मेटलचा ब्रिज टाका, नाहीतर कधीच सुरात येणार नाही. घरी आणली, त्याहून जाड 10 चा सेट लावला, ब्रिजची प्लेट बारीकशी तिरकी केली जाड तारांकडे मागे, ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटला प्रत्येक तार तपासली, दीड तास गेला, आणि पाच तारा बरोबर बसल्या, तिसरी तार केसभर चढी राहते, ती मी दाबताना बोट हलकं ठेवून सांभाळतो. आणि मला ती लाकडी पट्टी काढायची नाहीच, कारण त्या मऊ टोनमध्ये तिचा हात आहे, मेटलवर तार जेवढी टणटणीत वाजते तेवढी इथे वाजत नाही आणि तेच तर पाहिजे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सुटे सॅडल असलेलं मॉडेल बघावं, तीही येतात.

आणि पाणी. हार्डबोर्ड ओल्याला घाबरतो, फुगला की परत बसत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा तळमजला अर्धा भरला, आणि बाबांनी आधी कागदपत्रं उचलली, आईने देव, आजीने तंबोरा, मी ही. दोन्ही वाद्यं वरच्या खोलीत एकाच पलंगावर चादरीत गुंडाळून ठेवली होती. दोघांनाही काही झालं नाही. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि भिंतीला टेकवून ठेवत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर कडेची टेप सगळीकडून बघा, सुटत असेल तर आतला जोडही बघा, बॉडीवर बोटाने टकटक करत फिरा, कुठे आवाज एकदम मेल्यासारखा आला तर तिथे ओल लागलेली असू शकते, व्हॉल्यूम आणि टोनच्या दोन मजली चाव्या आहेत, वरची आणि खालची वेगवेगळी फिरते का पाहा, आणि स्विच मध्ये टाकल्यावर आवाज वाढला पाहिजे, कमी झाला तर कुणीतरी वायरिंग बदललंय. बडोद्यात कुणाला घ्यायच्या आधी हात लावून बघायची असेल तर सांगा, घरी या, फक्त रविवारी सकाळी नको, तेव्हा आजीकडे मुलं शिकायला येतात.