आधी किल्ला की आधी ताट?

साताऱ्यात कुणालाही म्हणा, वजन कमी करायचंय, की सल्ला ठरलेला: "पहाटे किल्ल्यावर जात जा." मीही तेच केलं. डिसेंबर ते मेअखेर, आठवड्यातले पाच दिवस अजिंक्यतारा. पुढे पाऊस लागला, वाट निसरडी झाली, चढणं सुटलं आणि मग ताटाकडे बघावं लागलं. त्यामुळे दोन्ही गोष्टी मी आळीपाळीने करून पाहिल्यात.

किल्ल्याने मला पुष्कळ दिलं. आधी तीनदा टेकायचो, मार्चपर्यंत दरवाज्यापर्यंत एका दमात जाऊ लागलो. झोप गाढ झाली, कंबर धरायची थांबली. यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं दिसली की आपणही त्यांच्यातलेच वाटायचं. वजन मात्र ८९ वरून साडेशहाऐंशीवर आलं आणि तिथेच बसलं. सहा महिन्यांत अडीच किलो.

नडली ती भूक. साधी भूक नव्हे. घरी येऊन नाश्ता झाला तरी अकरा वाजता पोटात खड्डा पडायचा, जेवताना हात आपोआप तिसऱ्या भाकरीकडे जायचा. मला वाटायचं मी नेहमीसारखंच जेवतोय. एप्रिलमध्ये बायको म्हणाली, "अहो, जोंधळ्याचं दळण महिनाभर पुरायचं, आता पंचवीस दिवसांत डबा खाली होतोय. दाण्याच्या कुटाचंही तेच." घरात माणसं तेवढीच होती. त्या डब्याने जे सांगितलं ते वजनकाट्याने सांगितलं नव्हतं.

मग हिशेब मांडला. माझ्या वजनाच्या माणसाच्या तासभर भरभर चालण्याने साधारण तीनशे कॅलरी जातात. एक मोठी भाकरी आणि चमचाभर तेलाचा कट, की त्या परत आल्या. त्यात शरीरही आपल्या बाजूने हिशेब जुळवतं. टांझानियातले हाडझा लोक शिकारीसाठी, कंदमुळांसाठी रोज मैलोन् मैल चालतात. २०१२ साली संशोधकांनी मोजलं, तर शरीराच्या आकारमानाचा विचार करता त्यांचा दिवसाचा एकूण कॅलरींचा खर्च शहरी लोकांइतकाच निघाला. ते वाचलं तेव्हा माझे सहा महिने मला उमगले.

जूनपासून ताटात फार काही वेगळं केलं नाही. तीनच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ दुप्पट, जेवणाआधी काकडी-कांदा, आमटीवरचा तवंग बाजूला. फोडणीचं तेल पळीने न ओतता मोठ्या चमच्याने मोजायला लागलो. अशा एका चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतात. पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरलं, पण त्यात बरंचसं पाणी असतं, त्यावर विश्वास ठेवू नये. ऑक्टोबरअखेर काटा ७९ वर होता. उसळ आणि ताक पोटात असलं की अकराची ती भूक येत नव्हती, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

ताटाच्या वाटेवरही त्रास आहे. पाहुण्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा उघडला की "एकच बास" म्हणणं जड जातं, जत्रेच्या पंगतीत तर त्याहून जड. आणि नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. सप्टेंबरात माझे दंड सैल वाटायला लागले होते. उतरलेलं वजन टिकवायलाही व्यायामच उपयोगी पडतो. म्हणून वाट वाळल्यावर आठवड्यातले तीन दिवस किल्ला पुन्हा धरला, घरी जोर-बैठका जोडल्या.

चढून आल्यावर भूक मरते असेही लोक आहेत. तुमचं तसं असेल तर किल्ल्यापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताट कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. बाकीच्यांना मी म्हणेन, पहिले दोन महिने ताटाला द्या, किल्ला मागाहून. आणि काहीही धरलंत तरी दळण टाकल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे डबा किती दिवस पुरला ते कळेल.