हिमगोळ्याचा महिना तपासायचा असेल तर: नासाची तापमान-नकाशा सेवा

26 फेब्रुवारी 2015 रोजी सिनेटर जेम्स इन्हॉफ बर्फाचा गोळा घेऊन अमेरिकी सिनेटमध्ये आले. बाहेर इतकी थंडी, मग कसली तापमानवाढ, हा त्यांचा मुद्दा. असा मुद्दा कुणी मांडला की नासाच्या न्यूयॉर्कमधल्या गोडार्ड संस्थेची ‘जिसटेम्प’ ही नकाशा-सेवा उघडावी. फुकट आहे, नोंदणी लागत नाही, आणि 1880पासूनचा कुठलाही महिना काढता येतो. पण फॉर्म नीट भरला नाही तर हाच नकाशा तुम्हालाच तोंडघशी पाडतो.

तोच महिना काढून बघा. नकाशाचा प्रकार ‘अ‍ॅनॉमलीज’ म्हणजे सरासरीपासूनचा फरक, कालावधी फेब्रुवारी, सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे 2015, आधारकाळ (ज्या वर्षांच्या सरासरीशी तुलना करायची ती वर्षं) 1951 ते 1980. अमेरिकेच्या पूर्व भागावर आणि त्याला लागून असलेल्या कॅनडावर निळा-जांभळा डाग उठतो. बोस्टनमध्ये बर्फाचे ढीग साचले होते तो हाच महिना, तेव्हा इन्हॉफांना थंडी वाजत होती हे खरंच. मात्र त्याच देशाचा पश्चिम किनारा लाल दिसतो आणि रशियाचा मोठा भागही लाल. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यावरचा जागतिक सरासरीचा आकडा सुमारे +0.9 अंश सेल्सियस. अलास्का आणि हवाई सोडून उरलेली अमेरिका पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दोन टक्केसुद्धा नाही. वादाचं उत्तर या प्रमाणात आहे.

आता चुका कुठे होतात ते. सगळ्यात मोठी चूक आधारकाळाची. तो 1991-2020 केला की 0.9चा आकडा निम्म्याहून खाली येतो आणि निळा रंग पसरतो. तापमान तेच, तुलना बदलली. दोन नकाशे शेजारी ठेवताना दोन्हींचा आधारकाळ एकच आहे ना, हे आधी पाहा. दोन्ही बाजूंचे लोक इथे हातचलाखी करतात.

दुसरं, ‘स्मूदिंग रेडियस’, म्हणजे एका हवामान केंद्राची नोंद किती अंतरापर्यंत धरायची ते. 1200 किलोमीटर ठेवलं तर एका केंद्राची नोंद लांबपर्यंत पसरवली जाते आणि आर्क्टिक भरून निघतो. 250 केलं तर जिथे केंद्रं नाहीत तिथे राखाडी भोकं पडतात. राखाडी म्हणजे ‘बदल नाही’ नव्हे, ‘माहिती नाही’. एखाद्या प्रदेशाबद्दल बोलायचं तर 250, जगाबद्दल बोलायचं तर 1200.

रंगपट्टीही फसवी आहे. पायऱ्या समान नाहीत: मधे 0.2 आणि 0.5च्या, टोकाला थेट 4च्या पुढचं सगळं एका रंगात. त्यामुळे साडेचार आणि नऊ अंश सारखेच दिसतात. पट्टीच्या दोन टोकांना छापलेले आकडे त्या नकाशातले किमान आणि कमाल असतात. ते वाचल्याशिवाय ‘भयानक लाल’ वगैरे म्हणू नये. आयताकृती नकाशात ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात, म्हणून नकाशाच्या आकारात ‘रॉबिन्सन’ निवडा, त्यात हा फुगवटा कमी असतो.

आर्क्टिक तापल्यामुळेच जेट प्रवाह (खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा) जास्त नागमोडी होऊन थंडी खाली उतरते का, याचा निकाल मात्र ही सेवा देणार नाही. जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन वाव्ह्रस यांनी 2012मध्ये तसं मांडलं. रसेल ब्लॅकपोर्ट आणि जेम्स स्क्रीन यांनी 2020मध्ये हा परिणाम नगण्य असल्याचं दाखवलं. शास्त्रज्ञांमधला खरा वाद हा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. नकाशाचा प्रकार ‘ट्रेंड्स’ म्हणजे काळानुसार झालेला बदल निवडून डिसेंबर-फेब्रुवारीचा लांब काळाचा नकाशा काढला तर आर्क्टिक किती तापला ते दिसतं. त्याचं कारण आणि परिणाम नकाशात शोधू नका.

या सेवेच्या पाच ताऱ्यांतला एक तारा कापतो तो महिन्याच्या सरासरीसाठी. चार दिवसांची लाट महिन्यात विरघळून जाते. रोजचं चित्र हवं असेल तर मेन विद्यापीठाचं ‘क्लायमेट रीअ‍ॅनलायझर’ बरं. त्याचा आधारकाळ वेगळा असतो, तेव्हा दोन्हींचे आकडे एकत्र मांडू नका.

आणि निफाडच्या द्राक्षबागायतदारांनी यात आपला शिवार शोधू नये. चौकट दोन अंशांची, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 220 किलोमीटर. निरभ्र रात्री सखल भागात साचणारी थंड हवा त्यात दिसणं शक्य नाही. थंडीपासून बाग वाचवायला पहाटे ठिबक कधी सोडायचं, शेकोट्या कधी पेटवायच्या, यासाठी वेलीच्या उंचीवर टांगलेला किमान-कमाल तापमापकच हवा. पाचपैकी चार तारे.