अर्धशिशी: नुसती पॅरासिटामॉल की सोबत मळमळीची गोळी?

माझी बहीण दारव्ह्याकडच्या खेड्यात असते. कापूस वेचून वावरातून परतली की तिचं अर्धं कपाळ ठणकायला लागतं, मागोमाग उमासे. गेल्या हंगामात तिनं पॅरासिटामॉल घेतली आणि दहा मिनिटांत ओकून टाकली. तेव्हापासून ती विचारते, की सोबत उलटीची गोळी घ्यावी का.

अर्धशिशी उठली की जठराचं काम मंदावतं. गोळी मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते, तिथवर पोचायलाच तिला उशीर होतो. मेटोक्लोप्रामाइड ही मळमळीची गोळी जठराला हलवते आणि मळमळही थांबवते.

नुसती पॅरासिटामॉल स्वस्त आहे, उपकेंद्रातही मिळते. पण तिची ताकद बेताची. १००० मिलिग्रॅम घेतलेल्या १०० जणांपैकी साधारण १९ जणांचं दुखणं दोन तासांत पूर्ण थांबतं; औषध नसलेल्या गोळीवर १० जणांचं. मळमळ होत नसेल तर आधी हीच घेऊन बघावी.

जोडीचं तसं नाही. याच पॅरासिटामॉलसोबत १० मिलिग्रॅम मेटोक्लोप्रामाइड दिलं, तर दोन तासांत उतार पडण्यात ती सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या महागड्या गोळीच्या जवळपास बसते. ॲस्पिरिनसोबत दिल्यावर वेदनेत फार फरक दिसला नाही, मळमळ आणि ओकारी मात्र स्पष्ट कमी झाली. बहिणीसाठी मला एवढंही पुरेसं वाटतं. गोळी पोटात टिकली तरच पुढचं. म्हणून ओकारीवाल्यांनी जोडीच घ्यावी, तीही कपाळ ठणकायला लागताच.

मळमळीची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. मेटोक्लोप्रामाइडनं तरुण मुलींची मान किंवा जबडा कधी आखडतो. ते सलग पाच दिवसांपेक्षा जास्त नको. डॉम्पेरिडोन या मळमळीवरच्या दुसऱ्या औषधानं हे क्वचित होतं, पण हृदयाचा त्रास असेल तर ते टाळावं. वजन ५० किलोच्या आत असेल तर पॅरासिटामॉलची मात्राही विचारून घ्या. आपल्याकडे अशा बाया कितीतरी आहेत.

ॲस्पिरिन किंवा नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची गोळी मेच्या उन्हात, ओकून अंगातलं पाणी गेलेलं असताना नको, मूत्रपिंडाला जड जातं. डेंग्यूचा संशय असेल तर मुळीच नको.

महिन्यातून १५ दिवस पॅरासिटामॉल लागत असेल तर गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. आणि दुखणं एकाएकी वीज पडावी तसं उठलं, तापासोबत मान ताठली किंवा हात लुळा पडला, तर गोळी शोधत बसू नका, गाडी काढून थेट मोठा दवाखाना गाठा.