आपोआप बसणाऱ्या जाहिराती बंद केल्यावरचे आठ महिने

द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांसाठी मी मराठीत एक वेबसाइट चालवतो. छाटणी, फवारणी, खतांचं वेळापत्रक, एवढाच विषय. वाचक तासगाव, निफाड, पंढरपूर भागातले, आणि जवळजवळ सगळे मोबाइलवर. साइटचा खर्च जाहिरातींतूनच निघतो. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात वाचक वाढले, पण जाहिरातींचा क्लिक दर (शंभर वेळा दिसली तर किती वेळा क्लिक होतं ते) आदल्या हंगामाच्या निम्म्यावर आला. यंदा मार्चमध्ये सगळी मांडणी मी स्वतःच्या हातात घेतली. आता पुन्हा छाटणीचा हंगाम उरकत आलाय, म्हणून अनुभव लिहितो. अशा साइटला हंगामाची तुलना हंगामाशीच करावी लागते. जुलैचा आकडा ऑक्टोबरशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

त्याआधी मी जाहिराती आपोआप बसवणारी एक सेवा वापरत होतो. नाव लिहीत नाही. क्लिक कमी झाले की तिथला सल्ला ठरलेला असायचा, जाहिरातींची संख्या वाढवा. मी वाढवत गेलो. दर वेळी पंधरा-वीस दिवस क्लिक वाढायचे आणि मग आधीपेक्षा खाली जायचे.

खरं कारण भाच्यामुळे कळलं. तो बागेत औषध कालवत होता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचं माझंच पान उघडलं होतं. एक टक्क्याला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर, असा तक्ता, आणि खाली अर्ध्या टक्क्याचं प्रमाण दाखवणारं बटण. त्यानं अंगठा बटणावर नेला, तेवढ्यात वरून एक जाहिरात उतरली, पान खाली सरकलं आणि अंगठा पडला कर्जाच्या जाहिरातीवर. मागे आला, पुन्हा तेच. मला म्हणाला, "मामा, तुमचं पान उड्या मारतंय. चुना किती घालायचा ते बघायला तीनदा मागं यावं लागलं."

त्या रात्री मी आकडे पुन्हा काढून बसलो. ज्या क्लिकांवर मी खूश होतो, त्यांतले बरेचसे असेच चुकून पडलेले असणार. माणूस जाहिरातीत रुची घेऊन गेलेलाच नव्हता. असे क्लिक अवैध धरले तर त्यांचे पैसे नंतर वजा होतात, जाहिरातदाराच्या पदरी काही पडत नाही, म्हणून तो अशा जागेला पुढे भाव कमी देतो. आणि वाचक? तो पुढच्या वेळी पान उघडताना जाहिरातीपासून अंगठा लांब ठेवायला शिकतो. क्लिक दर घसरतो तो इथून.

वेबवरची पहिली गाजलेली जाहिरातपट्टी 27 ऑक्टोबर 1994 ला हॉटवायर्ड या वेब मासिकावर लागली होती, एटी अँड टी या अमेरिकन फोन कंपनीची. तिच्यावर 44 टक्के लोकांनी क्लिक केल्याचं सांगितलं जातं, कारण तसलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. चारच वर्षांनी, 1998 मध्ये, राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन यांनी प्रयोगातून दाखवलं की शोधत असलेली माहिती पट्टीत असली तरी लोकांची नजर तिच्यावरून निघून जाते. माझ्या साइटवर शीर्षकाखाली जी मोठी पट्टी होती, तिचं नेमकं तेच झालं होतं.

मार्चमध्ये पहिलं काम केलं ते ती पट्टी काढण्याचं. आपोआप बसवणं बंद केलं आणि गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरात सेवेचे साधे युनिट, म्हणजे जाहिरातीच्या चौकटी, एका लेखात तीनच ठेवले. जागा ठरवताना एकच बघितलं, वाचक कुठे थांबतो? तक्ता वाचून झाल्यावर तो थांबतो. फवारणीचं प्रमाण मिळालं, आता पुढे काय, असा तो क्षण असतो. पहिली जाहिरात तिथे, तक्त्याच्या खाली, बटणापासून चांगली दोन बोटं अंतर सोडून. उत्तर मिळायच्या आधी एकही नाही.

दुसरं काम जागा राखून ठेवण्याचं. 300 बाय 250 पिक्सेलची जाहिरात येणार असेल तर थीमच्या सीएसएसमध्ये (साइटची मांडणी ठरवणारा कोड) तेवढी उंची आधीच मोकळी सोडायची, वर "जाहिरात" एवढाच शब्द. मग जाहिरात उशिरा आली तरी मजकूर हलत नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या पान तपासायच्या साधनात मजकुराचं हे हलणं सीएलएस नावानं मोजलेलं दिसतं. 0.1 पर्यंत चांगलं, 0.25 च्या वर वाईट. माझी बरीच पानं वाईटात होती, आता सगळी चांगल्यात आहेत. पूर्ण आठ महिन्यांत सर्वांत जास्त उपयोग या एका बदलाचा झाला, आणि त्याला पैसा लागला नाही, एक रविवार गेला.

तिसरं, जाहिरातींची दाटी. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या 30 टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापली, तर ते कोअलिशन फॉर बेटर अॅड्स या जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेच्या मानकात बसत नाही, आणि मानक न पाळणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम ब्राउझर 2019 पासून जगभर गाळू शकतो. माझे छोटे लेख या मर्यादेच्या कितीतरी वर होते. 250 शब्दांच्या लेखात आता एकच जाहिरात ठेवतो.

एप्रिल-मे महिने जड गेले, हे स्पष्ट सांगतो. चुकीचे क्लिक थांबले आणि क्लिक दर आणखी खाली आला. खरड छाटणीचे दिवस, वाचक भरपूर, आणि कमाई कमी. घरात विचारणा झाली. मी तेव्हा क्लिकऐवजी दृश्यता बघत राहिलो, म्हणजे जाहिरातीचा किमान निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला का. तो आकडा पहिल्याच महिन्यात वर गेला होता. 2024 पासून अॅडसेन्स प्रकाशकाला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे देतं, तरी जाहिरातदार बोली लावताना क्लिक आणि त्यापुढचं गिऱ्हाईक बघतोच. त्यामुळे भाव सावकाश चढतो. माझ्याकडे तो जुलैच्या शेवटी हलायला लागला.

मधल्या काळात काही वाचकांनी मनापासून विचारलं, "साहेब, आम्ही रोज दोन-चार क्लिक करत जाऊ का?" सगळ्यांना हात जोडून नको म्हटलं. वाचकांना क्लिक करायला सांगणं नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं. शिवाय त्या भल्या माणसांच्या क्लिकाचे पैसे कुणातरी जाहिरातदाराच्या खिशातून जातात.

अॅडसेन्समधल्या ब्लॉकिंग कंट्रोलमध्ये (नको त्या जाहिराती अडवायची सोय) जाऊन झटपट श्रीमंतीच्या आणि तसल्याच काही वर्गांच्या जाहिराती बंद केल्या. यातून कमाईत फारसा फरक पडला नाही, पण मला बरं वाटलं.

एक प्रयोग मात्र अपेक्षेपेक्षा चांगला झाला. तालुक्यातल्या एका रोपवाटिकेची जाहिरात थेट घेतली. चकचकीत चित्र नाही, रोपांच्या पिशव्यांचा फोनवर काढलेला फोटो आणि साध्या मराठीत एक ओळ: डाळिंबाच्या रोपांची आगाऊ नोंदणी सुरू. दुव्याला स्पॉन्सर्ड, म्हणजे पैसे घेऊन लावलेला, अशी खूण लावली. बागेच्या आखणीवरच्या लेखाखाली ती ठेवली, आणि साइटवरच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा तिच्यावर जास्त क्लिक आले. मालकांनी स्वतः फोन करून पुढच्या हंगामासाठी जागा धरून ठेवली.

या ऑक्टोबरचा हिशेब असा: जाहिराती निम्म्याहून कमी, क्लिक दर गेल्या ऑक्टोबरच्या वर, पण त्याआधीच्या हंगामाला अजून पोचलेला नाही. कमाई साधारण त्या जुन्या हंगामाइतकी. लेख शेवटपर्यंत वाचणारे वाढलेत. खाली चिकटून राहणारी छोटी पट्टी अजून लावलेली नाही. उन्हात एका हातानं फोन धरणाऱ्या माणसाचा अंगठा बरोबर तिथेच असतो, त्यामुळे मन तयार होत नाही. एप्रिलच्या छाटणीला दोन-तीन लेखांवर लावून बघेन, आणि पहिला फोन भाच्याच्या हातात देईन.